नवव्या पानावरची लाल ओळ

१

गुरुवारी सकाळी साडेअकरा वाजता, पनवेलच्या दुय्यम निबंधक कार्यालयात दाजींनी सहीसाठी पेन हातात घेतलं आणि त्यांच्या बायकोने, चंद्रावतीने, त्यांचा हात धरला.

"आधी वाटेचं काय लिवलंय ता वाचून दाव," ती अंकिताला म्हणाली.

अंकिता जासईची. चंद्रावतीच्या घरापासून चार घरं सोडून राहणारी. सहा वर्षं वकील अविनाश प्रधानांच्या ऑफिसात टायपिंग करत होती आणि समोरचा भाडेपट्टाही तिनेच टाइप केला होता. दाजींची खाडीलगतची जमीन कंटेनर ठेवायला एक कंपनी भाड्याने घेत होती. दाजींची अट एकच होती. बांधावरून खाडीकडे जाणारी वाट अडवायची नाही. त्या वाटेने अकरा घरांच्या होड्या पाण्यात जात होत्या.

अंकिताने नववं पान काढलं. "बांधावरून खाडीकडे जाणारी वाट गावातील अकरा घरांसाठी कायम खुली राहील. मात्र..."

ती थांबली.

"थांबलीस का गो? वाच ना."

"मात्र पहिल्या वर्षानंतर ही वाट बंद करण्याचा अधिकार कंपनीला राहील."

दाजींनी पेनाला टोपण लावलं आणि खिशात ठेवलं. बोलला त्यांचा मुलगा निकेश, आणि तो इतका मोठ्याने बोलला की शिपायाने सगळ्यांना बाहेर काढलं.

प्रधानांच्या ऑफिसात एक रीत होती. मसुदा काळ्या अक्षरात. त्यात जो कोणी काही घालेल त्याने आपल्या रंगात घालायचं. अंकिताचा रंग लाल, ज्युनिअर वकील शार्दूलचा निळा. तो मसुदा रंगीत छापून प्रधानांच्या टेबलावर जायचा. ते प्रत्येक रंगीत ओळीशेजारी पेन्सिलीने बरोबरची खूण करत किंवा ओळ खोडत. मग अंकिता सगळं काळं करून अंतिम प्रत काढायची. फाइलमधले रंग तिथेच संपायचे. खुणांचा कागद मात्र फायलीला लावून ठेवलेला असायचा.

प्रधानांनी ऑफिसात पोचताच तो कागद काढला. नवव्या पानावर ती ओळ होती, आणि ती लाल होती.

दुपारी दोन वाजता निकेशने गावच्या ग्रुपवर संदेश टाकला. 'आपल्याच गावच्या पोरीने कंपनीशी हात मिळवून आपली वाट विकली. नाव सगळ्यांना माहीत आहे.'

२

रुचिराला यातलं काहीच माहीत नव्हतं. शुक्रवारी अकरा वाजता ती प्रधानांचा दुरुस्त केलेला प्रिंटर घेऊन जिना चढली, तेव्हा तिच्या डोक्यात एवढंच होतं की हा इथे ठेवायचा आणि दोन आठवड्यांपूर्वी बदली म्हणून दिलेला आपला प्रिंटर परत न्यायचा. एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत तिचं प्रिंटर दुरुस्तीचं दुकान होतं. वय बेचाळीस, बोटांना कायम कुठला ना कुठला रंग लागलेला. नवरा म्हणायचा, हिच्या हातची भाकरी बघून कळतं आज कोणाचा प्रिंटर बिघडला होता.

अंकिता तिच्या खुर्चीत बसली होती, पण कॉम्प्युटर बंद होता.

"काय गं, वीज गेली की काय?"

"नाही ताई. सरांनी हात लावू नको म्हटलंय. चार वाजता दाजी येणार आहेत. सर त्यांना सांगणार, हे कोणी केलं ते. मग मी घरी." तिने मान वर केली नाही. "घरी तरी कसली. काल बाबा नाक्यावर गेले तर कोणी त्यांच्याशी बोललं नाही. माझ्या धाकट्या बहिणीला होडीत घेतलं नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. रुचिरा खोका तसाच ठेवून ऐकत राहिली.

"तू ती ओळ टाइप केलीस?"

"नाही."

"मग शनिवारी अंतिम प्रत काढताना दिसली नाही?"

"सरांनी सगळ्यावर खुणा केल्या होत्या. दोन ठिकाणी पेन्सिलीने बदल होते, ते केले. मग सगळं सिलेक्ट केलं आणि काळं केलं. नेहमी तसंच करते. प्रत्येक ओळ वाचत नाही मी. वाचायला हवी होती, कळतंय मला. पण लिहिली मी नाही."

एवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. अविनाश प्रधान बाहेर आले. साठीचे, नीटनेटके, आणि काल रात्री झोपले नसावेत असे. "रुचिराताई, प्रिंटर ठेवा आणि निघा. आज इथे बरंच काही आहे."

"निघते सर. पण एक विचारू? तो कागद मला दाखवाल?"

"तुम्ही प्रिंटर बघता. हे कायद्याचं आहे."

"कागद माझ्याच प्रिंटरमधून निघालाय," रुचिरा म्हणाली. "म्हणजे साक्षीदार माझा आहे. त्याला मी ओळखते, तुम्ही नाही."

प्रधान आत गेले आणि फाइल आणून टेबलावर ठेवली.

रुचिराने नववं पान उघडलं. तिथे तीन लाल जागा होत्या. दोन छोट्या दुरुस्त्या आणि ती एक पूर्ण ओळ. शेजारी पेन्सिलीच्या तीन खुणा, एकाच झटक्यात ओढलेल्या.

"सर, ही ओळ वाचून तुम्ही बरोबरची खूण केलीत?"

प्रधानांनी त्या तीन खुणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "लाल मी वाचत नाही. अंकिताचं लाल म्हणजे ऱ्हस्वदीर्घ, सुटलेला अनुस्वार. सहा वर्षांत कधी चूक निघाली नाही. निळं वाचतो, कारण ते कायद्याचं असतं. या मसुद्यात निळं काहीच नव्हतं." त्यांचा आवाज खाली आला. "म्हणूनच तर जास्त लागलं. मी वाचत नाही हे फक्त तिलाच माहीत होतं."

"मलाही माहीत आहे, सर," दाराजवळच्या टेबलावरून शार्दूल म्हणाला आणि लगेच लॅपटॉपमध्ये बघू लागला.

रुचिराने पहिलं पान उलटलं. वरच्या बाजूला ऑफिसचं चिन्ह होतं, एक तराजू. ती ते बघतच राहिली.

"सर, तुमचा तराजू हिरवा आहे ना?"

"अर्थात. वीस वर्षं हिरवा आहे."

"मग इथे पिवळा का आहे?"

३

"शाई कमी असेल," प्रधान म्हणाले.

"शाई भरून दिली होती मी."

रुचिराने पिशवीतून भिंग काढलं. प्रिंटरच्या हेडची शाई सोडणारी छिद्रं बघायला ते ती कायम जवळ ठेवायची. तिने ते एका लाल दुरुस्तीवर धरलं, मग त्या ओळीवर, मग पुन्हा दुरुस्तीवर.

जिन्यावर पावलं वाजली. निकेश आत आला, मागोमाग चंद्रावती. चारची वेळ दिली होती, पण चंद्रावतीला घरात बसवत नव्हतं. दाजी खाली रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होते.

अंकिता उठून उभी राहिली. निकेशने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"आपण निकेश ना?" रुचिराने विचारलं. "मागच्या शुक्रवारी, हा मसुदा छापला त्या दिवशी, तुम्ही इथे आला होतात म्हणे."

"आलतो. दोन तास बसलतो. मंग? माज्यावर ढकलताय काय?"

"अंकिता जेवायला गेली तेव्हा तिच्या खुर्चीत तुम्ही बसला होतात."

"पंखा तितंच लागतो म्हणून बसलो." निकेशचा आवाज चढला. "वाट बंद झाली तर पयली होडी माजी अडकंल. हप्त्यावर इंजिन बसवलंय मी तिला. मी कशाला लिवंन ता?"

"बरोबर," रुचिरा म्हणाली. तिला ते पटलं होतं. "काकू, तुम्ही जरा इकडे येता?"

चंद्रावती पुढे आली. तिने कागदाकडे बघून हात मागे घेतला. "मना वाचाया येत नाय बाय."

"वाचायचं नाही. या दोन जागा. रंग एकच आहे का?"

चंद्रावतीने कागद खिडकीशी नेला. उजेडात धरला, तिरका केला. अंगठा एका दुरुस्तीवर टेकवला. "ही लाल. कुकवावानी." मग ओळीवर बोट ठेवलं. "आन ही राणी. सुनंला मी पाडव्याला साडी घेतली ना, ती याच रंगाची हाय. यो लाल नाय."

प्रधानांनी चष्मा काढून पुसला, घातला, कागद घेतला. खूप वेळ पाहिलं. "थोडा फरक वाटतो खरा. पण शाई कमीजास्त होते. ही ओळ लाल नाही तर मग कुठली? ऑफिसात राणी रंग कोणाचाच नाही."

"सर, प्रिंटरमध्ये लाल शाई नसतेच," रुचिरा म्हणाली. "निळीही नसते आणि हिरवीही नसते. चारच असतात. काळी, पिवळी, राणी आणि आकाशी. बाकी सगळे रंग त्यांच्या मिश्रणातून होतात. पिवळी आणि आकाशी मिळून हिरवा. त्यातली आकाशी आलीच नाही तर हिरव्या तराजूचं काय उरेल?"

"पिवळा," अंकिता पुटपुटली.

"आता सांगा, राणी आणि आकाशी मिळून कुठला रंग होतो?"

रुचिराने आपला बदली प्रिंटर सुरू केला. "तपासणीचं पान काढते. चारही शायांच्या रेघांची जाळी येते. आकाशीची जाळी तुटलेली निघाली की झालं."

कागद सरकत बाहेर आला. तिने उचलला.

काळी जाळी अखंड, पिवळी अखंड, राणी अखंड. आणि आकाशीसुद्धा अखंड. एक रेघ कमी नाही.

प्रधानांनी हळूच फाइल मिटली. "ताई, तुम्ही प्रयत्न केलात. पण प्रिंटर तर ठणठणीत आहे."

४

रुचिरा खाली बसली. खुर्चीत नव्हे, प्रिंटरच्या उंचीला, जमिनीवर.

तिला आपलीच चूक आठवत होती. हा प्रिंटर तिच्या फळीवर अडीच महिने बंद पडून होता. इतके दिवस पडला की हेडमध्ये शाई सुकते हे ती गिऱ्हाइकांना रोज सांगायची. प्रधानांचं काम अडलं म्हणून घाईत तिने तो उचलला, काळ्या अक्षरांचं एक पान काढून पाहिलं आणि देऊन टाकला. रंग तपासलेच नाहीत. म्हणजे गेल्या शुक्रवारी आकाशी बंद असणं शक्य होतं. आज ती सुरू होती. मधे काय झालं?

टाक्यांवर तिने मार्करने खुणा केल्या होत्या. बदली प्रिंटर देताना शाईची पातळी आखायची आणि परत आल्यावर किती भरायची ते बघायचं, ही तिची सवय. आता तिने वाकून पाहिलं. काळी बरीच उतरली होती, ते ठीक. राणी अर्धं बोट उतरली होती. आकाशी अर्धं बोट. आणि पिवळीही अर्धं बोट.

वकिलाच्या ऑफिसात इतका पिवळा रंग कोण छापतो?

कोणीच नाही. तिन्ही रंग सारखे उतरतात ते एकाच कामात. कोणीतरी कॉम्प्युटरवरून मोठी सफाई लावली होती. त्यात सुकलेली शाई सुटावी म्हणून चारही टाक्यांतून जोराने शाई ढकलली जाते.

"या आठवड्यात छापलेले दुसरे कागद आहेत?" तिने अंकिताला विचारलं.

अंकिताने दोन फायली आणल्या. शनिवारच्या एका पत्रावर तराजू पिवळा. मंगळवारच्या नोटिशीवर तराजू हिरवागार.

"सोमवारी ऑफिसात कोण होतं?"

"सर कोर्टात होते. मी सुट्टीवर. आतेबहिणीचा साखरपुडा होता."

रुचिरा उठली, हात पुसले आणि दाराजवळच्या टेबलापाशी थांबली. "शार्दूल, जरा बाहेर येतोस? खोका उचलायला मदत लागेल."

खोक्याला मदत लागत नव्हती. शार्दूललाही ते कळलं होतं. तो मुकाट्याने गॅलरीत आला आणि कठड्याला टेकून उभा राहिला. पंचवीस-सव्वीसचा असेल. खारघरला राहायचा. इथे लागून तिसरा महिना.

"सफाई तू लावलीस."

"सोमवारी मी एका अर्जात निळं शीर्षक टाकलं. ते राणी रंगात आलं. म्हणून लावली. नेटवर बघून." त्याने कठडा धरला. "ताई, तेव्हा मला खरंच काही माहीत नव्हतं."

"आणि ती ओळ?"

"माझीच." ते त्याच्या तोंडून इतकं पटकन निघालं की जणू कालपासून दाराशी उभंच होतं. "शुक्रवारी कंपनीच्या वकिलांचा फोन आला. म्हणाले, एवढं एक वाक्य घाला. मी नवीन आहे, नाही कसं म्हणू? मी निळ्यात टाकलं. वाटलं, सर निळं वाचतातच. वाचतील, मला झापतील, खोडतील. त्यासाठीच तर निळं असतं ना? अंकिताताई बसने निघून गेल्या होत्या. मी छापलं, पिन मारली, टेबलावर ठेवलं. बघितलंही नाही कसं आलंय ते."

"आणि काल?"

"काल सरांनी कागद काढला, लाल दिसली. मला दोन मिनिटांत सगळं कळलं. सोमवारचं शीर्षक आठवलं. बोलणारच होतो. तेवढ्यात सर ओरडले, 'हे ज्याने केलं त्याचं नाव मी बार असोसिएशनला कळवीन.' मग..." त्याने खाली रस्त्याकडे पाहिलं. "एक रात्र गप्प बसलो. जेवलोसुद्धा नाही, ताई."

"तू ओळ घातलीस ती चूक नाही. विचारायला घातलीस, रीतीप्रमाणे घातलीस," रुचिरा म्हणाली. "पण त्या एका रात्रीत तिच्या बहिणीला कोणी होडीत घेतलं नाही. तू सांगतोस की मी सांगू?"

५

दाजी येऊन बसले होते. अंकिताने त्यांना पाणी दिलं होतं आणि त्यांनी ते घेतलं नव्हतं.

"सर," शार्दूल दारातूनच म्हणाला, "ती ओळ माझी आहे."

त्याने सगळं सांगितलं. अडखळत, पण काही न लपवता. प्रधानांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यातला रंग उतरत गेला.

"पण ओळ तर..." निकेश म्हणाला.

रुचिराने पिशवीतून शाई भरायच्या सिरिंजा काढल्या. कोरा टिश्यू टेबलावर पसरला. राणीचा एक थेंब टाकला, त्यावर पिवळ्याचा. डाग लाल झाला. "हे अंकिताचं." शेजारी राणीचा दुसरा थेंब टाकला, त्यावर आकाशीचा. डाग गडद निळा झाला. "हे शार्दूलचं." तिसऱ्या जागी तिने फक्त राणीचा थेंब टाकला. "आणि आकाशी बंद असताना शार्दूलचं हे असं निघतं. भिंगातून बघा. अंकिताच्या लालमध्ये पिवळे ठिपके सापडतील. या ओळीत एकही नाही."

प्रधानांनी भिंग घेतलं. दाजींनीही घेतलं. चंद्रावतीला गरज नव्हती.

"आणि यात माझाही वाटा आहे," रुचिरा म्हणाली. "प्रिंटर रंग न तपासता दिला मी. तपासला असता तर ओळ निळी आली असती, सरांनी वाचली असती, खोडली असती. इथे कोणी कोणाची वाट विकली नाही."

खाली एक डंपर हॉर्न वाजवत गेला.

"वकीलसायब," दाजी सावकाश म्हणाले, "म्हंजे तुमी वाचलंच नव्हतं."

"नाही."

"आमी तुमाला वाचायलाच तर ठेवलंय."

"हो." प्रधान उठले. टेबलाला वळसा घालून अंकितापुढे आले. काय करावं ते त्यांना सुचत नसावं, कारण त्यांनी हात जोडले, मग खाली सोडले, मग पुन्हा जोडले. "अंकिता, सहा वर्षं तुझ्यावर विश्वास आहे म्हणून वाचत नाही, असं मी म्हणत आलो. आणि काल पहिल्याच ओळीला तो विश्वास ठेवला नाही. माझं चुकलं."

अंकिताने मान हलवली.

"शार्दूल, बार असोसिएशनला कोणी काही कळवणार नाही. पण काल बोलला असतास तर मी तुला जास्त मानलं असतं. बस तिकडे. ती ओळ काढ, तुझ्या हाताने."

शार्दूल बसला.

"ता झालं," चंद्रावती म्हणाली. ती मुलाकडे वळली. "आन तू गावाला सांगितलंस त्याचं काय?"

निकेशने फोन काढला. "टाकतो ना आये. लिवतो."

"लिवू नको. अर्ध्यांना वाचता येत नाय. तोंडानं बोल."

निकेशने फोन तोंडाजवळ नेला. "ता काल मी... अंकिताचं... म्हंजे आपला जरा गैरसमज..." तो थांबला. कान लाल झाले होते. "आये, जमत नाय."

"जमलं काल तेवा?"

"द्या इकडे," प्रधान म्हणाले. त्यांनी फोन घेतला, बटण दाबून धरलं आणि कोर्टात उभे राहतात तसे ताठ उभे राहिले. "मी वकील अविनाश प्रधान बोलतोय. दाजींच्या भाडेपट्ट्यात चुकीची ओळ राहिली, ती मी न वाचता मंजूर केली म्हणून राहिली. ती ओळ अंकिताने लिहिली नव्हती. उलट निबंधकांसमोर ती तिने जशीच्या तशी वाचून दाखवली, म्हणून तुमची वाट वाचली. चूक माझी आहे. तिची माफी मी मागितली आहे. रविवारी गावात येऊन तुमच्यासमोर पुन्हा मागेन." त्यांनी बटण सोडलं. "गेलं का?"

"गेलं," निकेश म्हणाला. मग अंकिताकडे न बघताच, पण तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "मी पन येन रविवारी. तुज्या बापाच्या पाया पडाया."

"तिच्या बहिनीला होडीत कोन नेल?" चंद्रावतीने विचारलं.

"मीच नेन गो."

दाजींनी आता पाण्याचा ग्लास उचलला आणि एका दमात संपवला. रुचिराने सिरिंजा आवरल्या, आपला प्रिंटर खोक्यात घातला आणि दुरुस्त केलेला त्याच्या जागी ठेवून रंगांच्या तपासणीचं पान काढलं. मग आणखी एक काढलं.

अंकिताचा फोन वाजला. तिने नाव बघितलं आणि घाईने गॅलरीत गेली. दार अर्धवट उघडं राहिलं. ऑफिसात ती नेहमी शहरातलं मराठी बोलायची, इतकं की तिचं गावचं बोलणं रुचिराने आजवर ऐकलं नव्हतं.

"आयकलंव बाबा?... हां, सायबांचाच आवाज... नाय वो, रडत नाय. हसताय मी. खरंच हसताय."